एका चुलीला दोन पाकिटं

चंद्रभागाबाईंच्या अंगात येतं, ही धानोरीतली पक्की बातमी होती. तीही तपशिलासकट. वेळ दुपारी दोन ते चार. जागा तळमजल्यावरची खिडकी. बाई पाटापुढे बसलेल्या, डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे कललेली, ओठ हलतायत, आणि समोर हळदीकुंकवाची वाटी. एवढं साहित्य मांडून एकोणसत्तर वर्षांची बाई भर दुपारी पुटपुटत असेल, तर येणाऱ्याजाणाऱ्याने समजायचं तरी काय? बी विंगमधल्या दोघीजणी नारळ घेऊन यायच्या बेतात होत्या. एकीला सुनेचं विचारायचं होतं आणि दुसरीला लिफ्ट कधी सुरू होणार ते.

दोघींचे नारळ वाचले. बाईंच्या अंगात काही येत नाही. उलट बाईच अंगातून उठून दुसरीकडे जातात. त्या लग्नपत्रिकांची पाकिटं लिहितात, आणि ज्यांचं पाकीट लिहायचं त्यांच्या घरी आधी मनाने जाऊन येतात. एवढीच त्यातली देवी.

आता हे जाऊन येणं म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय पटायचं नाही. समजा यादीत नाव निघालं स्वारगेटच्या मागच्या कुणा नातलगाचं. बाई डोळे मिटतात. वाड्यावस्त्या, सिग्नल, एसटीचा धूर, सगळं ओलांडून त्या त्या घराच्या पायऱ्या चढतात. दार उघडंच असतं. मनातली दारं बहुतेक उघडीच असतात म्हणा. आत कोण बसलंय, कोण आतल्या खोलीत झोपलंय, पाळण्यात नवीन कोणी आलंय का, भिंतीवर नवा हार घातलेला फोटो लागलाय का, हे सगळं त्या नजरेखालून घालतात. कधी कधी त्या घरात, जिला जाऊन दहा वर्षं झाली, अशी एखादी म्हातारीही बसलेली असते, ती ‘ये गं’ म्हणते, आणि बाई तिथे जरा रेंगाळतात. मग डोळे उघडतात, कटनिबची लेखणी दौतीत बुडते आणि नाव उतरतं. अक्षरं आधी मोकळी, एकमेकांपासून जरा लांब, जशी माणसं मांडवात येऊन अजून बसायची आहेत. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. ती एका दमात ओढली की सगळे एका सतरंजीवर बसल्यासारखे दिसतात. धानोरीवरून विमान उतरायला लागलं की कपाटातल्या बशा थरथरतात, पण रेघ हलत नाही. कारण रेघ ओढताना बाई इथे नसतातच.

काही घरी त्यांना जास्त वेळ लागतो. तिथला चहा चांगला असतो, असं शेजारचे म्हणतात.

हे अक्षर कमावलं येरवड्याच्या शाळेत. तिथे एकतीस वर्षं त्यांनी कारकुनी केली. शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, प्रगतिपुस्तकं, सगळ्यांवर त्यांचं अक्षर. आज या भागात जे चाळिशीचे बाप्ये टक्कल सांभाळत फिरतात, त्यातल्या निम्म्यांचं नाव पहिल्यांदा नीट कुणी लिहिलं असेल तर ते बाईंनी. म्हणून सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. मास्तरीण कधी नव्हत्या, पण हे कुणाला आठवत नाही, आणि बाईही आठवण करून देत नाहीत.

नावाच्या बाबतीत त्या पहिल्यापासूनच हट्टी. लग्न होऊन धानोरीत आल्या तेव्हा रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने त्यांचं नवीन नाव लिहिलं गेलं, ‘सुमन’. चंद्रभागा हे म्हातारीचं नाव वाटतं, असं सासरच्यांचं मत. नव्या नवरीने काही वाद घातला नाही. फक्त सुमन म्हणून हाक आली की ती ओ देत नसे. सासू विहिरीवरून हाका मारायची, सुमन, ए सुमन, आणि हिचं आपलं निवांत भाकऱ्या थापणं चालू. विचारलं तर म्हणायची, कुणाला तरी बोलावत होतात, मला वाटलं ती येईल. तीन महिने सुमन काही आली नाही. शेवटी सासूच दमली. त्या तांदळाचा भात कधीच शिजून गेला होता.

नवरा खडकीच्या कारखान्यात होता, तो जाऊनही आता अकरा वर्षं झाली. गावाची जमीन बिल्डरांकडे गेली, शेताच्या जागी विंगा उभ्या राहिल्या, आणि जुने गावकरी एकेका मजल्यावर वाटले गेले. पण लग्न निघालं की हीच माणसं पुन्हा गाव होतात. बुधवार पेठेतून पत्रिकांचे गठ्ठे येतात, पहिली पत्रिका गणपतीपुढे, दुसरी कुलदैवताला, आणि बाकीच्या सगळ्या बाईंच्या पाटावर. छापील चिकटपट्ट्यांवर नावं काढून देणारं दुकान आता जवळच झालंय. तिथली नावं वाचून कुणी लग्नाला येत नाही, असं जुन्या माणसांना वाटतं. बाईंनी ही समजूत दूर करण्याचा कधीही प्रयत्न केलेला नाही.

परवाच्या वैशाखात रंगराव टिळेकरांच्या मुलाचं, रविराजचं लग्न निघालं. रंगराव म्हणजे या सोसायटीचे निम्मे जुने मालक. ज्वारीचं शेत होतं तिथे आता त्यांचे सात फ्लॅट आहेत, आणि तरीही माणूस अजून खळ्यावर उभा असल्यासारखा मोठ्याने बोलतो. त्यांची यादी आली, साडेपाचशे नावांची. रंगरावांच्या हिशेबात एक चूल, एक पत्रिका. भाऊ एकत्र जेवत असतील तर चार भावांना मिळून एक पाकीट, थोरल्याच्या नावाने, खाली ‘सहकुटुंब सहपरिवार’. भावांनी स्वयंपाक वेगळा केला असेल तर पाकिटं दोन. म्हणजे गावात पाकीट नुसतं बोलावत नाही, ते घरची खबरही सांगतं. कुठल्या घरी एका जागी दोन पाकिटं गेली, की समजायचं, तिथे तवा फुटला.

बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं त्या हेच लिहीत आल्या होत्या. आणि चूक नेमकी त्यांच्याच हातून व्हायची होती.

यादीत तीनशे बाराव्या ओळीवर नाव होतं, ‘पृथ्वीराज भाडळे सहपरिवार, चौथा मजला’. पृथ्वीराज रंगरावांचा सख्खा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. ती बहीण आता नाही, त्यामुळे मामाची त्याच्यावर माया थोडी जास्तच. आयटीत नोकरी. पहिली बायको आजारपणात गेली, पदरात सलोनी, आता नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी त्याने श्रद्धाशी लग्न केलं. श्रद्धा अमरावतीची, तिचाही पहिला संसार मोडलेला, तिच्याबरोबर शेफाली, वय अकरा. श्रद्धाने आपलं माहेरचं वानखडे आडनाव ठेवलं. शेफालीचं आडनाव तिच्या वडिलांचं, ढोले. तेव्हा चौथ्या मजल्यावर दारावरची पाटी लागली ती अशी: भाडळे, वानखडे, ढोले. सोसायटीतल्या लोकांना सुरुवातीला तो वकिलांचा दवाखाना वाटला होता. म्हणजे वकील म्हणायचं की दवाखाना, हेच कुणाचं ठरेना.

तर त्या दुपारी बाईंनी डोळे मिटले आणि चार जिने चढून मनाने त्या दारापाशी गेल्या. उन्हं अशी की खिडकीबाहेरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. कूलरचा आवाज दुरून येणाऱ्या बैलगाडीसारखा. बाईंनी पाटी वाचली. तीन आडनावं. त्यांच्या मनात आलं, नुसतं भाडळे लिहिलं तर या दोघी मायलेकी बाहेर उभ्या राहतील. पाकीट हातात घेतील आणि त्यात आपण कुठे आहोत हे शोधत बसतील. शाळेत अशी नजर बाईंनी खूप पाहिली होती, दाखल्यावर बापाच्या नावाच्या जागी रेघ असलेल्या मुलांची. तेव्हा त्यांनी मोठ्या प्रेमाने, अगदी जास्तीची शाई घेऊन, दोन पाकिटं लिहिली. एकावर श्री. पृथ्वीराज भाडळे आणि कु. सलोनी. दुसऱ्यावर श्रद्धा वानखडे आणि कु. शेफाली ढोले. दुसऱ्या पाकिटाची शिरोरेघ तर त्यांनी अशी ओढली, की तशी वर्षातून एखादीच जमते. स्वतःवरच खूष होऊन त्या पुढच्या ओळीकडे गेल्या. तीनशे तेरा, वडगाव शेरी, चहा बरा.

त्यांना वाटलं आपण दार उघडलं. आणि झालं ते भलतंच.

पत्रिका वाटायला गेल्या रंगरावांच्या थोरल्या बहीण गोदाबाई. अक्षता, कुंकू, पिशवी, आणि लिफ्ट बंद म्हणून तोंडात लिफ्टवाल्याचा उद्धार. चौथ्या मजल्यावर त्यांनी घरांच्या क्रमाने लावून दिलेल्या गठ्ठ्यातून भाडळ्यांची म्हणून एकत्र ठेवलेली दोन्ही पाकिटं काढली, एक पृथ्वीराजच्या हातात ठेवलं, एक श्रद्धाच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एका घरात दोन पाकिटं दिलीत. गोदाबाईंना अक्षर लागत नाही, पण मोजता येतं. सरबताचा पेला अर्धा ठेवून त्या उठल्या. खाली उतरेपर्यंत चार मजले होते, आणि प्रत्येक मजल्यावर जुन्या गावातलं कोणी ना कोणी राहतं.

“पृथ्वीची चूल येगळी झाली म्हणायची,” एवढंच त्या बोलल्या. “चंद्राबायनं लिवलंय म्हंजे खरंच आसंल. ती घरात डोकावल्याबिगर लिवत न्हाय.”

बाईंच्या कीर्तीचा असा उपयोग झाला. संध्याकाळपर्यंत पृथ्वीराज आणि श्रद्धा वेगळे झाले होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्रद्धाने सोसायटीतच दुसरा फ्लॅट पाहिला होता, आणि दूधवाल्याने पृथ्वीराजला विचारलं की आता दूध दोन ठिकाणी टाकायचं का. पृथ्वीराजला काही कळेना. कळलं तेव्हा तो हसला. श्रद्धाही हसली, पण जरा उशिरा. शेफाली हसली नाही.

ती सरळ तळमजल्यावर आली. बाई खिडकीशी कोणाच्या तरी घरी गेलेल्या होत्या, डोळे मिटून. दोन पाकिटं पाटावर आपटल्याचा आवाज झाला तेव्हा परतल्या. शेफाली पुण्यात येऊन दोन वर्षं झाली होती, शाळेत ती अगदी पुणेरी बोलायला शिकली होती. पण राग आला की तिची भाषा गाडीत बसून अमरावतीला जायची.

“आजी, तुम्ही मले न् आईले येगळं काहून काढलं?”

बाईंनी पाकिटं पाहिली, मुलीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं अक्षर परक्यासारखं दिसलं. त्या सांगायला लागल्या, की अगं मी तर तुला सन्मानाने, तुझं स्वतःचं नाव. पण शेफालीने ऐकून घेतलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. इतकी वर्षं तिला कुणी ना कुणी सांगत आलंय की ही तुझी माणसं, ही तुझी नाहीत. इथे पहिल्यांदा तिला वाटलं होतं की कुणी विचारत नाही. आता सगळ्या जिन्याला माहीत झालं. ती लग्नाला येणार नव्हती. सुट्टी लागलीच आहे, तर ती अमरावतीला आजोबांकडे जाणार होती, आणि परत येणार नव्हती. तिथल्याच शाळेत नाव घालायला आजोबा तयार होते. एवढं सांगून ती गेली. पाकिटं तिथेच राहिली.

त्या दिवशी बाईंनी एकही पाकीट लिहिलं नाही. खिडकीशी बसून राहिल्या. डोळे मिटले की त्या पुन्हा पुन्हा त्या चौथ्या मजल्यावर जात होत्या आणि पुन्हा पुन्हा दाराशीच थांबत होत्या. पाटी दिसायची, पितळेची, तीन ओळींची. पुढे काही दिसायचं नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण या घरात कधी गेलोच नाही. साडेपाचशे घरांमधून हिंडून आलो, इथे दारावरची पाटी वाचली आणि मागे फिरलो. जिच्या नावाने देवी म्हणून नारळ निघाले होते, तिचं देवपण उंबरठ्याबाहेर संपलं होतं.

दोन दिवसांनी, दुपारी साडेबाराला, त्या खऱ्याखुऱ्या चार जिने चढल्या. गुडघे असे की प्रत्येक मजल्यावर त्यांना कोणीतरी खुर्ची दिली, आणि प्रत्येक खुर्चीवर त्यांना पृथ्वीराजच्या वेगळ्या चुलीची नवीन माहिती मिळाली. तिसऱ्या मजल्यावर तर त्यांना असं कळलं की हे सगळं त्यांनाच आधी दृष्टांतात दिसलं होतं. बाई म्हणाल्या, दृष्टांतात तुमचा तिसरा मजलाही दिसला होता, त्याचं सांगू का? खुर्ची लगेच मिळेनाशी झाली.

दार श्रद्धाने उघडलं. “या काकू,” म्हणाली. कुठला राग नाही, काही नाही, त्याचंच बाईंना ओझं झालं. आत पडदे ओढलेले, घरभर हिरवट उजेड, तळ्याच्या तळाशी असतो तसा. कूलरच्या गारव्यात वाळ्याचा वास. हॉलच्या मध्यावर एक निळी बॅग उघडी पडलेली होती, शेफालीची. त्या बॅगेची एक गंमत बाईंना बसल्या बसल्या कळली. शेफाली रोज ती भरायची, आणि श्रद्धा रोज त्यातले दोन फ्रॉक काढून धुवायला टाकायची. मळलेत म्हणायची. धुतलेले फ्रॉक दुसऱ्यांदा धुवून झाले होते. त्यावर कोणी काही बोलत नव्हतं. सलोनी मात्र आडून बोलणाऱ्यांतली नव्हती. ती बॅगेवर जाऊन बसली होती. गेले दोन दिवस अभ्यास, टीव्ही, भांडण, सगळं ती बॅगेवर बसूनच करत होती.

जेवायची वेळ होती. आमरस होता, त्यामुळे बाईंना उठू देणं शक्य नव्हतं. टेबल होतं, पण त्यावर पृथ्वीराजचे दोन संगणक आणि वाळवणाच्या कुरडया, म्हणून जमिनीवर ताटं. बाई भिंतीला टेकून पाहत राहिल्या, आणि पाहता पाहता त्यांचे डोळे उघडेच राहिले, तरी त्यांना मिटल्यासारखं वाटायला लागलं. घरातले आवाज बरणीतून आल्यासारखे दुरून येत होते. सलोनी स्वयंपाकघराच्या बाजूला, कारण तिला सारखं वाढून घ्यायला उठायचं असतं. तिच्या शेजारी श्रद्धा, कारण सलोनी पोळी मोडताना ताट हलवते आणि कुणीतरी ते धरून ठेवावं लागतं. मग पृथ्वीराज, मांडी घालता येत नाही म्हणून एक पाय लांब. आणि दाराकडे पाठ करून शेफाली. रसाच्या पातेल्यात पळी एकच. ती सलोनीकडून निघायची, सगळ्यांच्या वाट्या फिरून शेफालीकडे यायची आणि तळ खरवडायचा मान तिचा. रागावलेली असूनही तिने तळ खरवडला, सवयीने. आणि खरवडलेला रस अर्धा सलोनीच्या वाटीत टाकला, तोही सवयीनेच, तिच्याकडे न बघता. या घरात चुली किती आहेत, हे मोजायला गोदाबाईंची गरज नव्हती.

जेवणं झाल्यावर बाईंनी पिशवीतून दौत आणि लेखणी काढली. घरून त्यांनी जाड, सायीच्या रंगाच्या कागदाचं एक मोठं पाकीट करून आणलं होतं, खळ लावून, दोन दिवस उशीखाली दाबून. दिलेली पत्रिका परत घेत नाहीत, ते अशुभ. आणि तिसरी दिली तर गोदाबाई तिसरी चूल मांडतील. म्हणून ती दोन्ही पाकिटं या एका पाकिटात जायची होती. फक्त वर लिहायचं काय, ते ठरलं नव्हतं.

त्या शेफालीला म्हणाल्या, “चुकले बाळा. मी पाटी वाचून परत गेले, आत आलेच नाही. आता आलेय. तू सांग, मी लिहिते.”

शेफाली त्या कोऱ्या पाकिटाकडे बघत राहिली. वरून विमान गेलं, वाट्या किणकिणल्या, थांबल्या. सलोनी बॅगेवर बसून दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारात ओला हात तसाच धरून उभी. तिची मुलगी राहते की जाते, हे आता एका ओल्या निबेच्या टोकावर येऊन थांबलं होतं, आणि ते तिला कळत होतं.

“आधी सलोनी लिहा,” शेफाली शेवटी म्हणाली. “दुसरी आली तर रडेल ती.”

सलोनीने मी रडत नाही म्हणून रडायला सुरुवात केली. बाईंनी लिहिलं. मग शेफाली म्हणाली आई, मग पृथ्वीकाका, एकेक नाव ती जेवायला मांडलेल्या ताटांच्या क्रमाने सांगत होती आणि तिचं तिलाच ते माहीत नव्हतं. तिच्या स्वतःच्या नावाशी आल्यावर ती थांबली. बाईंनी विचारलं नाही. लेखणी नुसती धरून ठेवली.

“मी शेवटी,” शेफाली म्हणाली. “संध्याकाळी दार मीच लावते.”

चार नावं झाली. सलोनी, श्रद्धा, पृथ्वीराज, शेफाली. बाईंनी आडनाव कुठे विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मग त्यांनी दम धरला आणि शिरोरेघ एकाच ओढीत चारही नावांवरून नेली, मध्ये कुठेही न उचलता. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायची वेळ आली, तेव्हा त्यांनी वाटी पुढे सरकवली. चार कोपरे होते, आणि चार बोटं. पृथ्वीराजचं बोट फारच मोठं पडलं, त्यामुळे त्याचा कोपरा एखाद्या सूर्यासारखा दिसायला लागला.

आता शेफाली लग्नाला गेली की नाही, हे सांगितल्याशिवाय कुणी उठू देणार नाही. गेली. जांभळा घागरा घालून गेली, सलोनीचा हात धरून, आणि मांडवातल्या खुर्च्यांवर दोघी एकमेकींच्या अंगावर डोकं टाकून अक्षता पडायच्या आधीच झोपल्या. अमरावतीचे आजोबा स्वतःच लग्नाला आले, चार दिवस राहिले, पृथ्वीराजबरोबर क्रिकेट बघून गेले, आणि परत जाताना निळी बॅग रिकामीच उचलून घेऊन गेले, कारण ती मुळात त्यांचीच होती. जूनमध्ये दोघी मुली एकाच रिक्षातून धानोरीच्या शाळेत गेल्या. दूध एकाच ठिकाणी येतं. गोदाबाईंनी सगळीकडे सांगितलं, की चूल एकच हाय, मी आधीच म्हनलं व्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी ते पाकीट रंगरावांच्या हाताने जायला हवं होतं. घरच्या वडीलधाऱ्याने अक्षता ठेवून द्यावं लागतं, त्याशिवाय ती पत्रिका नव्हे, नुसता कागद. म्हणून बाईंनी रंगरावांना त्याच संध्याकाळी खाली बोलावून घेतलं. ते आले, अंगावर लग्नघराचा घाम, हातात तीन मोबाइल, आणि यायच्या आधीच आवाज आला. यादीत एक ओळ दिली होती बाई, तुम्ही दोन पाकिटं कशी केलीत, सगळ्या पाहुण्यांत चर्चा झाली, माझ्या बहिणीच्या मुलाला लोक काय काय विचारतायत. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. यातलं बरंचसं खरं होतं आणि बाईंना खरं ऐकायची सवय होती. मग त्यांनी सायीच्या रंगाचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

रंगरावांनी ते उजेडात धरलं. आधी लांबून वाचलं, मग चष्मा लावून. उलटं केलं. मागे काही लिहिलंय का पाहिलं. पुन्हा सुलटं केलं. नातीच्या वयाची पोरगी पहिली, घरचा कर्ता पुरुष तिसऱ्या नंबरावर, श्री. नाही, सौ. नाही, सहकुटुंब नाही. साडेपाचशे पाकिटांत असं पाकीट त्यांनी पाहिलं नव्हतं. तरी तेवढं त्यांनी गिळलं असतं. पण एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना.

“बाई, यावर आडनावच नाही की एकही. कुणाची म्हणून देऊ ही पत्रिका?”

बाई दौतीचं झाकण लावत होत्या. त्यांनी ते नीट घट्ट बसवलं, मग वर पाहिलं.

“आडनाव पोस्टमनला लागतं, रंगराव. तुम्ही मामा आहात.”